गज कसा धरतात, हे आमच्याकडं कुणालाच ठाऊक नव्हतं

व्हायोलिन हनुवटीखाली धरतात, ही बातमी आमच्या गल्लीत फार उशिरा पोचली. तोवर आम्ही ते मांडीवर उभं धरून वाजवत होतो आणि कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. म्हणजे दिसलं होतं. सगळ्यांना दिसलं होतं. पण दिसलं असं म्हणणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

ज्यांचा या वाद्याशी संबंध सिनेमापुरताच आला असेल, त्यांच्यासाठी आधी थोडं शिक्षण. व्हायोलिनला तारा असतात, पण त्या छेडायच्या नसतात, घासायच्या असतात. घासायला एक लांब काडी असते, तिला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बांधलेले असतात. ही काडी म्हणजे गज. सगळ्या जगात व्हायोलिनचा गज वरून धरतात, तळहात जमिनीकडं आणि बोटं काडीवर टेकलेली. आमच्याकडं तळहात आभाळाकडं असायचा आणि बोटं खालून. देवळात तीर्थ घेताना हात जसा होतो, अगदी तसा. इतक्या पवित्र हातानं आम्ही जे वाद्य वाजवत होतो, त्याला आम्ही व्हायोलिन म्हणत होतो. प्रत्यक्षात गज असा खालून धरायचा असतो तो सारंगीचा, आणि मांडीवर उभी राहते तीही सारंगीच.

पण सारंगी हा शब्द तेव्हाच्या औरंगाबादेत चांगल्या घरात उच्चारत नसत. 

आमचे उस्ताद सिटी चौकामागच्या बोळात राहायचे. निजामाच्या काळात ते सारंगिये होते. एका जहागीरदाराच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, गाणाऱ्या बाईंच्या मागं बसून साथ करायचे. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, जहागिऱ्या गेल्या, देवडीतल्या झुंबरांखाली सरकारी टेबलं आली, गाणाऱ्या बाई हैदराबादेकडं निघून गेल्या आणि उस्तादांच्या सारंगीवर खोळ चढली. शहरात नवं राज्य आलं होतं. नव्या राज्याबरोबर नव्या शाळा आल्या आणि चांगल्या घरांना एकाएकी मुलींना संगीत शिकवायची हौस सुटली. हौस मोठी होती, पण अटी तिच्याहून मोठ्या. पेटी चालेल. तबला चालेल, पण तो मुलाला. सारंगी मात्र नको, कारण सारंगी म्हणजे कोठा. व्हायोलिन तर फारच चालेल, कारण ते विलायती, आणि विलायतेत कोठे नसतात अशी आमच्या वडीलधाऱ्यांची भाबडी समजूत होती.

उस्तादांनी छावणीतल्या बँडमधून बाद झालेलं एक व्हायोलिन मिळवलं आणि दारावर क्लासची पाटी लावली. ते वाद्य धरायचं कसं, हे सांगणारा बँडवाला केव्हाच गाव सोडून गेला होता. उस्तादांनी ते उलटसुलट करून पाहिलं. तारा होत्या, तारांना उचलून धरणारी घोडी होती, गज होता. त्यांनी ते मांडीवर उभं ठेवलं, गज खालून धरला आणि ओढला. आवाज आला. विषय संपला.

आता तुम्ही म्हणाल, इतक्या मुली तिथं शिकायला जात होत्या, त्यांच्या सोबतीला वडील, काका, मामा येऊन ओट्यावर बसत होते, त्यांतल्या एकालाही सांगता आलं नाही का, की उस्ताद, ही तर सारंगीची पकड? नाही आलं. आणि त्याचं कारण मोठं शास्त्रीय आहे. सारंगीचा आवाज कुणीही ऐकलेला असू शकतो. तो रेडिओवर येतो. आवाज ओळखणं हा गुन्हा नाही. पण गज कसा धरतात ते रेडिओवर दिसत नाही. ते दिसायला समोर बसावं लागतं, चांगलं जवळ बसावं लागतं. आणि तुम्ही समोर, जवळ, नेमके कुठं बसला होतात, हा पुढचा प्रश्न घरातल्या बायकांनी विचारला असता. म्हणून औरंगपुऱ्यापासून शहागंजापर्यंत एकाही सज्जनाला सारंगी कशी धरतात हे ठाऊक नव्हतं. एवढं एकमुखी अज्ञान मी पुढं कुठल्याच शहरात पाहिलं नाही.

या अज्ञानी मंडळींचे मुकुटमणी म्हणजे माझे वडील. निजामाच्या काळात ते त्याच जहागीरदाराच्या कचेरीत कारकून होते. उर्दूत सगळा कारभार चालायचा. राज्य बदललं तसं त्यांना सरकारी नोकरीत घेतलं आणि अर्धं आयुष्य उजवीकडून डावीकडं लिहीत आलेला हा माणूस डावीकडून उजवीकडं लिहायला शिकला. या कसरतीनंतर त्यांनी ठरवून टाकलं होतं की आपण आता जुनं काहीच ओळखायचं नाही. मला क्लासला सोडायला यायचे, ओट्यावर बसायचे आणि समोरच्या लिंबाच्या झाडाकडं असे टक लावून बघायचे, जणू ते झाडच गाणार आहे. उस्तादांकडं बघायचे नाहीत. गजाकडं तर नाहीच. फक्त त्यांचा उजवा हात त्यांना विचारल्याशिवाय मांडीवर ताल धरायचा, आणि समेवर न चुकता पडायचा.

घरात आत्या होती. वडिलांची थोरली बहीण. सासर गंगापूरचं. यजमान गेल्यावर आमच्याकडं आली आणि आल्या दिवशीच किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावला. माझ्या शिकण्याला परवानगी द्यायची ती तिनंच दिली.

"विलायती हाय नव्हं? मग वाजीव," ती म्हणाली. "पण ते दुसरं नाव या घरात काढायचं नाय. इथं देव हायेत."

मी सराव करत असले की ती पलीकडं जपमाळ घेऊन बसायची. गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही, हे ती दर थोड्या वेळानं स्वतःहून जाहीर करायची. पण एक गोष्ट मी टिपून ठेवली होती. माझा सूर घसरला की तिच्या बोटातला मणी जागेवर थांबायचा, आणि सूर जागेवर आला की पुढं सरकायचा. मी याला भक्तीचा योगायोग समजत असे.

उस्तादांची शिकवण्याची रीत अशी, की आधी कितीतरी महिने डाव्या हाताला कामच नाही. नुसती मोकळी तार आणि त्यावर गज. ओढायचा आणि परत न्यायचा. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, उस्ताद काहीतरी कापताहेत. माझ्या आवाजाला तर शेजारचं कुत्रं उठून दुसऱ्या गल्लीत जायचं, आणि मला त्याचा हेवा वाटायचा.

"मुठी में नक्को दाबो बेटी," उस्ताद म्हणायचे. "पान का बीडा कैसा पकडते? दाबे तो चुना निकलता, ढीला छोडे तो सुपारी गिरती. वैसा."

सगळ्यात अवघड जागा म्हणजे गज संपतो ती. काडी टोकापर्यंत गेली की परत फिरवावी लागते, आणि फिरवताना आवाजात सांधा ऐकू येतो. तो ऐकू येता कामा नये. त्यासाठी टोकाला पोचता पोचता मनगट आतल्या बाजूला हळूच वळवून घ्यायचं, म्हणजे हात परत निघालेला असतो आणि तारेला पत्ता लागत नाही. हे एवढंसं मनगट वळवायला शिकण्यात माझा अख्खा पावसाळा गेला. 

गजाचे केस आम्हाला शहागंजच्या टांगा स्टँडवरून मिळायचे. एका पांढऱ्या घोड्याच्या शेपटीवर उस्तादांचा डोळा असायचा आणि टांगेवाला त्यांच्या ओळखीचा होता. माझ्या गजाचा मूळ मालक रोज स्टेशनच्या फेऱ्या मारायचा. रस्त्यात भेटला की मी मान लववून पुढं जायची.

एकदा मी सिनेमा पाहून आले आणि धीर करून विचारलं, "उस्ताद, सिनेमात तर हनुवटीखाली धरतात."

"सिनेमावाले उभे रहते बेटी," उस्ताद पानाचा तोबरा सांभाळत म्हणाले. "उभे आदमी को गोद किधर?"

या उत्तरात खोट काढून दाखवा. मला आजवर जमलेलं नाही.

हे सगळं असंच सुखानं चाललं असतं, पण माझं शिक्षण संपलं आणि माझ्यापुढं दोन रस्ते उभे राहिले. एक रस्ता मुलींच्या शाळेत जात होता. तिथं संगीत शिक्षिकेची जागा रिकामी होती, आणि मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं होतं, की संगीताची परीक्षा पास होऊन ये, जागा तुझी. दुसरा रस्ता लासूर स्टेशनला जात होता. तिथल्या मालधक्क्यावर एक बाबू होता. रेल्वेतली नोकरी, क्वार्टर, स्वभाव शांत. इतका शांत, की बघायला आला तेव्हा पोह्यांत मीठ नाही हेसुद्धा बोलला नाही. त्याचे वडील मात्र मिठाबद्दलही बोलले आणि पुढचंही. म्हणाले, मुलगी पसंत आहे, पण वाजवणं वगैरे लग्नानंतर नको, मालगाड्यांचा आवाज पुरेसा असतो.

वडिलांनी मधला मार्ग काढला. परीक्षा दे. पास झालीस तर शाळा, नाहीतर लासूर. आत्या म्हणाली, "लासूरला कापूस लई चांगला येतो." जणू मला गाद्या भरायच्या होत्या.

मी त्या उन्हाळ्यात वाजवलं तसं पुन्हा आयुष्यात वाजवलं नाही. 

परीक्षा घ्यायला पुण्याहून परीक्षक आले. मनमाडला गाडी बदलून, छोट्या गाडीच्या धुरानं धोतराचा रंग बदलून, आणि स्टेशनवरून माझ्या गजाच्या मूळ मालकाच्या टांग्यात बसून ते एका शाळेच्या हॉलमध्ये दाखल झाले. अशी परीक्षा खरं तर बंद दाराआड व्हायला हवी. पण दार लावलं की हॉलमध्ये काळोख, आणि परक्या पुरुषासमोर एकट्या मुलीला बसवायला एकही घर तयार नाही. त्यामुळं दारं सताड उघडी आणि सगळ्या उमेदवारांचे वडील, काका, मामा मागच्या सतरंज्यांवर मांडी ठोकून बसलेले. आत्या जपमाळेसकट आली होती. लासूरचे होणारे सासरे बाजाराच्या कामाला म्हणून आले होते आणि सहज डोकावले होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील वकील होते, ते कोट घालून आले होते. उस्ताद दाराजवळ, जोड्यांच्या शेजारी बसले.

परीक्षकांनी सुरुवातीला भाषण केलं. संगीताला आपल्या पिढीनं कसं घाणीतून बाहेर काढलं, घराघरांत कसं नेलं, हे त्यांनी सांगितलं. "अभिमानानं सांगतो," ते म्हणाले, "आमच्या विद्यालयाच्या उंबऱ्याआत सारंगी आलेली नाही. मी स्वतः ते वाद्य जवळून पाहिलेलंसुद्धा नाही." मागच्या सगळ्या सज्जनांनी माना डोलावल्या. त्यांनीही पाहिलेलं नव्हतं.

मग माझं नाव पुकारलं. मी बसले, व्हायोलिन मांडीवर उभं केलं, गज खालून धरला.

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे काय आहे?"

"व्हायोलिन, सर."

"ते मला कळलं. उभं का आहे?"

"आम्ही बसून वाजवतो, सर."

"मीही बसूनच वाजवतो. आणि हात असा का? काही हवंय का तुम्हाला?"

मागं कुणीतरी हसलं. मी म्हटलं, "वाजवू का?"

मी भीमपलास वाजवला. गज टोकापर्यंत नेत होते, मनगट वळवत होते आणि सांधा ऐकू येत नव्हता. मधे एकदा डोळ्याच्या कोपऱ्यातून आत्याकडं पाहिलं. मणी सरकत होता. परीक्षकांची बोटंही टेबलावर हळूहळू हलायला लागली होती, पण ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात मांडीखाली घेतला.

"सूर चांगला आहे," मी थांबल्यावर ते म्हणाले. "फारच चांगला आहे. पण सूर काय, कोकिळेलाही असतो. मी पद्धत तपासायला आलोय. ही पकड कुठल्या परंपरेतली? परंपरा असेल तर सांगा, मी आनंदानं पास करतो. आपल्या मनानं काहीही धरलं असेल, तर मला नाइलाजानं नापास करावं लागेल."

मी उस्तादांकडं पाहिलं. माझ्यापुढं लासूरचा मालधक्का स्वच्छ दिसायला लागला होता, कापसाच्या गासड्यांसकट. उस्तादांनी एक शब्द बोलायचा होता, सारंगी. तो बोलला की मी पास. पण तो बोलला की दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर एकही मुलगी नाही. त्यांच्या तोंडात पान होतं आणि ते चावायचं थांबलं होतं. मग त्यांनी ते एका गालात सरकवलं, हात जमिनीला टेकले आणि उठायला लागले.

"साहब, बच्ची की गलती नै है. मैं..."

"तुम्ही बसा, उस्ताद."

हे माझे वडील होते. आयुष्यभर लिंबाच्या झाडाकडं बघणारा तो माणूस सतरंजीवर उभा राहिला होता आणि डोक्यावरची टोपी उगीचच नीट करत होता.

"परंपरा आहे, साहेब," ते म्हणाले. "ही सारंगीची पकड आहे."

हॉलमध्ये असं शांत झालं, की बाहेर टांग्याच्या घोड्यानं शेपटी झटकल्याचं ऐकू आलं.

"आपण कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"मुलीचा बाप."

"आणि आपल्याला कसं ठाऊक?"

वडिलांनी टोपी पुन्हा नीट केली. "पाहिलीय. समोर बसून."

"कुठं रं बसला होतास?" हा आवाज परीक्षकांचा नव्हता. बायकांच्या बाजूनं आला होता.

"देवडीत, अक्का," वडील आत्याकडं न बघता म्हणाले. "कामाला होतो ना तिथं."

"कचेरी तर दिवसा असायची म्हणं."

"काम वाढायचं."

"कोण वाढवायचं?"

माझ्या नोकरीसाठी वडिलांनी पुष्कळ दिलं होतं, एवढ्या प्रश्नाची सूट त्यांना मिळायला हवी होती. आणि ती मिळालीही, कारण तेवढ्यात माझे होणारे सासरे घसा खाकरून उठले. या गृहस्थांना चुकीचं काही खपत नसे. हा गुण मला पोह्यांच्या वेळीच कळला होता.

"माफ करा," ते वडिलांना म्हणाले, "पण पकड तशी नाहीये. पोरीचं कोपर लई बाहेर जातंय. सारंगीत कोपर एवढं बाहेर नसतं."

"असतं," वडील म्हणाले. "लांब गजाला असतं."

"नसतं. मी पहिल्या रांगेत असायचो."

"मीही पहिल्याच रांगेत असायचो. तुम्हाला कधी पाहिलं नाही."

"मी गुरुवारचा."

हे शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी हात तोंडावर नेला, पण शब्द लासूरच्या गाडीसारखे निघून गेले होते, परत यायचं नाव नाही.

यानंतर जे झालं त्याला मी पूर आला असं म्हणेन. वकीलसाहेब कोटाची बटणं लावत उठले आणि म्हणाले, कोपर हा मुद्दाच गैरलागू आहे, प्रश्न बोटांचा आहे, आणि बोटं चारही काडीच्या बाहेर असतात, हे आपण शपथेवर सांगू शकतो. त्यांच्या मागून एक मामा म्हणाले, बाहेर कशी, आत असतात. एक काका म्हणाले, दोन आत, दोन बाहेर. कुणी म्हणालं, ते गाणारणीवर अवलंबून असतं. त्याला दोघांनी ओढून खाली बसवलं. सगळ्यांचे उजवे हात हवेत होते आणि सगळ्यांचे तळहात आभाळाकडं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, तीर्थ वाटप चाललंय.

परीक्षकांनी टेबलावर दोनदा हात आपटला. कुणी ऐकेना. तेव्हा ते उभे राहून अक्षरशः ओरडले, "अहो, सगळी बाहेर कशी असतील! मधलं बोट काडी आणि केस यांच्या मधे घालतात! केसांना ताण देतं ते तेच! ते बाहेर ठेवून गज तारेवर ठरेल का, सांगा मला!"

आणि त्यांनी ते करून दाखवलं. उजवा हात पुढं, तळहात वर, मधलं बोट किंचित आत घेतलेलं. इतकी देखणी पकड मी उस्तादांखेरीज कुणाची पाहिली नव्हती.

मागचे सगळे हात खाली आले. परीक्षकांचा हवेतच राहिला.

"अगं बाई," आत्या म्हणाली. "तुम्ही तर आत्ताच म्हणलात, जवळून पाहिली नाय."

परीक्षकांनी स्वतःच्या हाताकडं पाहिलं. तो दुसऱ्या कुणाचा असावा असं वाटत होतं. "वाचलंय," ते म्हणाले. "ग्रंथांत वर्णन आहे."

"वाचून हात असा वळतो व्हय?"

परीक्षक खाली बसले, खिशातून पेन काढलं, माझ्या नावापुढं काहीतरी घाईघाईनं लिहिलं आणि मान वर न करता म्हणाले, "परंपरा सिद्ध झाली. उत्तीर्ण. पुढच्या उमेदवाराला बोलवा." पुढच्या सगळ्या मुलींनी गज कसाही धरला, तरी त्यांनी त्या दिवशी कुणाला एक अक्षर विचारलं नाही.

उस्तादांच्या क्लासचं काय होणार, ही धास्ती मला होती. ती फुकट गेली. एकही मुलगी कमी झाली नाही. काढून घेणार कोण? ज्यानं त्यानं आपापला वार सांगून टाकला होता. उलट सोबतीला येणाऱ्या वडीलधाऱ्यांची संख्या वाढली, आणि आता ते ओट्यावर न बसता आत येऊन पहिल्या रांगेत बसू लागले.

लासूरचं लग्न मोडलं. दोन्ही घरं एकमेकांच्या तोलाची नाहीत, हे दोन्ही घरांना एकाच दुपारी समजलं. मालबाबूंना मी पुढं एकदा स्टेशनवर पाहिलं. शांत होते.

त्या दुपारी हॉलच्या पायरीवर उस्तादांनी पानाचा डबा उघडला, एक विडा लावला आणि वडिलांपुढं धरला. "आप मंगल को आते थे, साहब. खंबे के बाजू में."

वडील दचकले. "तुम्ही ओळखलं होतं मला?"

"पहले दिन से."

"मग बोलला का नाहीत कधी?"

उस्तादांनी डबा बंद केला. "पूछना कायकू?"

शाळेत मला जागा मिळाली आणि मी तिथं केस पांढरे होईपर्यंत टिकले. मुख्याध्यापिका बाईंच्या इच्छेखातर हनुवटीखाली धरायला शिकले आणि मुलींनाही तसंच शिकवलं. ते चांगलं दिसतं. मुलींच्या माना दुखायला लागल्या की मी दार लोटून घ्यायची आणि सांगायची, आता ते जरा मांडीवर घ्या. पुढचं त्यांचे हात आपोआप करायचे. पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचं होतं ते शाळेच्या पहिल्या दिवसाचं.

परीक्षेनंतर आत्या वडिलांशी बोलत नव्हती. ताट समोर ठेवायची, पाणी ठेवायची, आणि बोलायचं ते तुळशीशी बोलायची. त्या सकाळी मी नऊवारी नेसून, वेणी घालून निघाले. व्हायोलिन पेटीत घातलं. गजाला राळ लावून तो खिडकीत ठेवला होता, तो घ्यायला विसरले. राळ लावली नाही तर केस तारेवरून नुसते घसरतात, आवाज निघत नाही. म्हणून ते काम निघताना करायचं असतं.

"गज ऱ्हायला तुझा," आत्या आतून म्हणाली.

मी वळले तर ती तो हातात घेऊन येत होती. उजव्या हातात. तळहात वर, मधलं बोट काडी आणि केसांच्या मधे. मी बघत होते, म्हणून तिनं तो उगीचच हवेत पुढं नेला, जसा रस्त्यातला काटा बाजूला करावा, आणि टोकाला पोचता पोचता तिचं मनगट हळूच आत वळलं.

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं.

"बघतीस काय अशी?" ती म्हणाली. "त्या पुण्याच्या माणसानं सांगितलं तसं धरलं नुसतं."

पुण्याच्या माणसानं मनगटाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. गंगापूरच्या त्या सासरी काय होतं, कुणाच्या लग्नात, कुठल्या बांबूच्या चिकाच्या पडद्याआडून, किंवा पडद्याच्या कुठल्या बाजूला बसून तिनं हे उचललं होतं, ते मला आजही ठाऊक नाही. ओट्यावर वडील चपला घालत होते. त्यांनीही ते पाहिलं होतं. ते घाईघाईनं समोर काही झाड आहे का ते शोधू लागले.

मी गज घेतला, पेटीत ठेवला, तिच्या पाया पडले आणि शाळेत गेले. पूछना कायकू.